सारख्या टाक्यांचा हिशेब

माझं काम पाहणारं माणूस बहुतेक वेळा आधी टाक्यांवर बोट टेकवतं. "किती सारखे आलेत!" नक्षी, दोऱ्याचा रंग, कोपऱ्यात नेमकी बसवलेली वळणं यांच्याबद्दल नंतर बोलणं होतं, झालं तर. आणि ज्या एका गोष्टीचं कौतुक सगळ्यात आधी होतं, नेमकी तीच मी केलेली नसते. ती मशीनला बसवलेल्या स्टिच रेग्युलेटरने केलेली असते. कौतुक मात्र मी घेते, अगदी हसून. हे हसू मला अलीकडे टोचायला लागलंय. म्हणून स्वतःलाच समोर बसवून जाब विचारावा म्हणते.

आधी धंदा काय तो सांगते. मी ओहायोत राहते. इथल्या बायका (आणि अलीकडे बरेच पुरुषही) कापडाचे तुकडे जोडून क्विल्टचा वरचा थर तयार करतात. तो थर, आतली कापसाची बॅटिंग आणि खालचं अखंड बॅकिंग, असे तिन्ही थर नक्षीने एकत्र टाचून द्यायला त्या माझ्याकडे येतात. घरच्या शिलाई मशीनवर सुई जागेवर असते आणि आपण कापड सरकवतो. माझ्या लाँगआर्म मशीनवर उलटं. कापड बारा फुटी फ्रेमवर रोलरला ताणून बसवलेलं, आणि मशीन चाकांवर, रुळांवरून फिरणारं. त्याच्या दोन मुठी धरून मी ते फिरवते. सुईने कापडावर चित्र काढायचं, इतकं सरळ काम आहे. आणि तितकंच अवघड.

रेग्युलेटर या कामात कुठे येतो? मशीनच्या चाकांपाशी दोन छोटे एन्कोडर असतात, एक मशीन आडवं किती सरकलं ते मोजणारा, दुसरा मागेपुढे किती सरकलं ते मोजणारा. दोघांचा हिशेब एकत्र होतो आणि त्या मापाने मोटर सुई खाली सोडते. इंचाला १० टाके ठरवले असतील, तर मशीन अडीच मिलिमीटर सरकलं की एक टाका. मी रेंगाळले की सुई रेंगाळते, मी धावले की ती धावते, मी थांबले की थांबते. आपल्या पंख्याचा रेग्युलेटर एक वेग ठरवून देतो आणि मोकळा होतो. हा दर क्षणी माझ्या हाताकडे बघून वेग बदलत राहतो.

तो बंद केला की मोटर आपल्या ठरलेल्या वेगाने पळते आणि जुळवून घ्यायची जबाबदारी माझ्यावर येते. मिनिटाला १,८०० टाके पडत असतील आणि इंचाला १० हवे असतील, तर हात सेकंदाला ३ इंच सरकला पाहिजे. सरळ रेघेतही ३, वळणावरही ३, आणि पानाच्या टोकाशी दिशा उलटी फिरवतानाही ३. हात टोकाशी थबकतो. माणसाचा हात आहे, थबकणारच. तिथे टाक्यांची गुठळी होते. मग ती भीती मनात धरून पुढच्या टोकावरून घाईने निघालं की टाका एवढा लांब पडतो की पांघरूण ओढताना पायाचं बोट त्यात अडकावं. रेग्युलेटरने ही सगळी कसरत माझ्या हातातून काढून घेतली. काढून घेतली म्हणजे सोडवली, हे खरंच आहे. प्रश्न पुढचा आहे.

दरवर्षी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी विचारतंच. मी शिवलेलं एखादं पांघरूण कुणाच्या तरी बाळासाठी दिलेलं असतं, ते हातोहात फिरतं, आणि एखाद्या काकू विचारतात, "हे सगळं हाताने केलंस?" मी म्हणते, "हो काकू, हातानेच फिरवते." आमच्या धंद्यात हे शंभर टक्के खरं आहे. कॉम्प्युटरला नक्षी भरवून मशीन आपोआप चालवणारे वेगळे, आणि मुठी धरून चालवणारे वेगळे. मी दुसऱ्या गटातली. पण काकूंच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी मुठी, रूळ आणि एन्कोडर नसतात. त्यांच्यासमोर ओसरीवर मांडी घालून, बोटाला चिंधी गुंडाळून गोधडी शिवणारी बाई असते. त्यांना काय दिसतंय हे मला चांगलं ठाऊक असतं, आणि ते ठाऊक असूनच मी ते वाक्य निवडलेलं असतं. नरो वा कुंजरो वा. 'कुंजरो' मात्र ढोलताशाच्या आवाजात बुडून जाईल, याची तजवीज करून.

एवढ्या साध्या गोष्टीत लपवण्यासारखं काय आहे, असंही मी स्वतःला विचारलं. मशीन वापरण्यात लाज कसली? १९८९ साली केंटकीतल्या पाड्यूका इथे अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणावरच्या क्विल्टला सर्वोत्तम कामाचं बक्षीस मिळालं. मशीनने टाचलेल्या क्विल्टला तो मान पहिल्यांदाच मिळत होता, आणि त्यावरून पुष्कळ आरडाओरडा झाला. हे क्विल्टिंगच नव्हे, असं म्हणणाऱ्यांची तेव्हा वाण नव्हती. आज त्याच प्रदर्शनात हाताच्या कामाला, बसून चालवायच्या मशीनच्या कामाला आणि फ्रेमवर फिरणाऱ्या मशीनच्या कामाला वेगवेगळी बक्षिसं असतात. वाद मिटला. माझा प्रश्न मात्र त्या वादातला नाही. फॅलर्टबाईंनी कापड स्वतःच्या हातांनी सुईखाली फिरवलं होतं आणि मोटरचा वेग व हाताचा वेग यांचा मेळ त्यांचा त्यांनी घातला होता. मशीनने टाचलेलं म्हणजे फुकटात मिळालेलं नव्हे, हे त्यांनी दाखवून दिलं. त्या पुण्याईवर आज मी उभी आहे, पण तो मेळ घालायचं काम मी एका चाकाकडे सोपवून मोकळी झालेय.

इथवर आलं की माझ्यातला वकील उठतो. म्हणतो, रेग्युलेटर फक्त टाक्याची लांबी सांभाळतो. नक्षी कोण काढतं? रेघ कोण ओढतं? आणि त्याचं म्हणणं बरोबरच आहे. रेग्युलेटरला आकार कळत नाही. वर्तुळाचं अंडं झालं तरी तो त्या अंड्याला अगदी सारखे, देखणे टाके घालतो. दोन पिसांची टोकं एका बिंदूत मिळायच्या ऐवजी एकमेकांच्या अंगावर चढली, तर त्या चुकीलाही तोच दहाचा हिशेब. चुकलेली रेघ तो इतकी नीटनेटकी करतो की ती मुद्दाम तशी काढलीय असं वाटावं.

माझी खरी अडचण इथेच आहे. सारखे टाके बघणाऱ्याला पटवतात. एकदा टाके सारखे दिसले की डोळा बाकीचं तपासत नाही, गृहीत धरतो. ग्राहकाचा डोळा तसा वागला तर तो त्याचा प्रश्न. माझाही तसाच वागायला लागलाय.

मागच्या बाजूचं सांगते. वर सगळं छान दिसत असतं तेव्हा खाली काय चाललंय हे मशीनवर उभं राहून दिसत नाही. त्यासाठी वाकून ताणलेल्या कापडाखाली हात घालायचा आणि बॅकिंगवरून बोटं फिरवायची. दोऱ्यांचं टेन्शन, म्हणजे ताण, जुळलेलं असेल तर बोटांना नुसता टाक्यांचा बारीक खरखरीतपणा लागतो. बिघडलेलं असेल तर वळणांवर वरचा दोरा खाली ओढला जाऊन त्याची छोटी छोटी वेटोळी बाहेर आलेली असतात. इकडे त्यांना पापण्या म्हणतात, आणि दिसतातही तशाच. त्याहून वाईट असेल तर बॉबिनचा दोरा एखाद्या तारेसारखा सरळ लागतो. एक टोक उचलून ओढलं की आख्खी ओळ सरसर सुटते. असलं काम चार धुण्यांत उसवायला लागणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

पापण्या बहुधा वेगामुळे येतात. वळणावर मशीन भर्रकन फिरवलं की सुई किंचित वाकते, दोऱ्यावर ताण येतो. आणि भर्रकन फिरवायची हिंमत मला कोण देतं? रेग्युलेटरच. तो बंद असताना वेग वाढवला तर टाके लगेच लांब पडतात, चूक तिथल्या तिथे वरच दिसते, मी आपोआप सावरते. तो चालू असताना मी कितीही धावले तरी वरचे टाके तसेच सोज्वळ. घाईची शिक्षा खाली भोगली जाते, जिथे मी वाकून हात घातल्याशिवाय कुणाला कळणार नाही. म्हणजे या यंत्राने माझी घाई कमी केली नाही, तिला पडद्याआड जागा करून दिली. यंत्राचा यात दोष नाही. त्याने जे कबूल केलं तेवढं ते इमानाने करतं.

पापण्या सापडल्यावर मी काय करते, हे तपासलं तेव्हा मात्र मला तोंड लपवायला जागा उरली नाही. उसवणं हे कंटाळवाणं काम. खालून दर तीन-चार टाक्यांवर उसवणीने दोरा कापायचा, वरचा दोरा ओढून काढायचा, बॅटिंगमध्ये अडकलेले तुकडे चिमट्याने वेचायचे, भोकं बुजावीत म्हणून कापड नखाने घासायचं. पाच मिनिटांत टाचलेलं उसवायला तासभर सहज जातो. तर मी उसवते का? कधी उसवते, कधी नाही. हे 'कधी' कशावर ठरतं ते मी जरा निरखून पाहिलं. बॅकिंग एकरंगी असेल तर उसवते. बॅकिंगवर दाट फुलंबिलं असतील आणि पापण्या त्यात लपणार असतील, तर "हे चालतं, टिकेल" असं स्वतःला समजावते. ग्राहक स्वतः क्विल्टिंग करणारी, जाणती बाई असेल तर उसवते. नातवंडाला द्यायला म्हणून पहिल्यांदाच क्विल्ट जोडून आणलेली, हातात पैसे मोजून घाबरत घाबरत विचारणारी बाई असेल, तर हात आखडतो. म्हणजे माझ्या कामाचा दर्जा दोऱ्यावर ठरत नव्हता, पकडलं जाण्याच्या शक्यतेवर ठरत होता. आणि ज्या बाईचा माझ्यावर जास्त विश्वास, तिच्या वाट्याला कमी काम. हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते खोडायचा बराच विचार केला.

आमची आजी गोधडी शिवायची. जुन्या लुगड्यांचे थर अंथरून, कोपऱ्यांवर वरवंटा आणि पितळी तांब्या ठेवून, कडेकडेने धावदोरा घालत आत आत सरकायची. तिचे टाके सारखे नव्हते. सुरुवातीचे बारीक, दुपारनंतरचे मोठे, मधे स्वयंपाकाला उठून आल्यावरचे आणखी वेगळे. त्या असमानतेत माया होती वगैरे लिहायचा मोह मला होतो, पण तो खोटेपणा होईल. आजीला मोठे टाके आवडत नसत. सुनेच्या हातचा टाका मोठा पडला तर ती ते बोलून दाखवायची. डोळे अधू झाल्यावर तिचेच टाके वाकडे पडायला लागले, तेव्हा गोधडी पाहुण्यांसमोर काढू देईना. तिच्या हातात कुणी रेग्युलेटर दिला असता तर तिने देवासमोर साखर ठेवली असती.

असमान टाक्याची पूजा ही नंतरची, आणि तो टाका ज्यांना घालावा लागत नाही त्यांची. अलाबामातल्या गीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात वापरून विरलेल्या कपड्यांच्या क्विल्ट केल्या, थंडी भागवायला. २००२ साली त्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि जगाने त्यांतल्या मोकळ्या, वाकड्या रेघांची वाहवा केली. वाहवा रास्तच होती, त्या रचना विलक्षण आहेत. पण तेव्हापासून वाकडेपणा ही विकत घ्यायची चीज झाली. माझ्या घरापासून गाडीने जाता येईल एवढ्या अंतरावर होम्स काउंटीत आमिश लोकांची मोठी वस्ती आहे. तिथे येणाऱ्या पर्यटकांना एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते: परिपूर्ण फक्त देव असतो, म्हणून आमिश बायका क्विल्टमध्ये मुद्दाम एक चूक ठेवतात. क्विल्टच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी या कथेला आधार नसल्याचं केव्हाच सांगितलंय. आणि जरा विचार केला तर ती फार नम्रही नाही. आपली चूक मुद्दाम ठेवावी लागते, एरवी होतच नाही, असं मानणारी बाई किती गर्विष्ठ असेल!

हे मी इतरांबद्दल बोलतेय असं वाटेल, पण रोख माझ्याकडेच आहे. स्वतःच्या क्विल्ट करताना मी अलीकडे रेग्युलेटर बंद ठेवते. त्यात आनंद आहे, हे खोटं नाही. मोटरचा एकसुरी आवाज कानात धरायचा, त्यावर हात चालवायचा, वळणाआधी श्वास सोडायचा. काही मिनिटं अशी येतात की रेघ आपोआप उमटल्यासारखी वाटते आणि टाके जवळजवळ सारखे पडतात. जवळजवळ. पण तसं काम झालं की ते कुणाला तरी दाखवायची, आणि दाखवताना "हे रेग्युलेटरशिवाय हं" असं ओझरतं म्हणायची घाई मला होते. म्हणजे सारख्या टाक्यांचं कौतुक न कमावता घेणारी मी, असमान टाक्यांचंही कौतुक मागून घेते. बटण चालू काय, बंद काय, मागणारी तीच. एकदा मनात आलं की त्या आनंदाच्या मिनिटांत जे लक्ष लागतं, ते लक्ष लोकांच्या क्विल्टवर, रेग्युलेटर चालू असतानाही, लावता येईल की. हात मोकळा झालाय तर डोळा रेघेवर ठेवावा, अधूनमधून खाली बोटं फिरवावीत. त्यासाठी मला कुणी अडवलेलं नाही.

आता पैशाचं. ते सगळ्यात शेवटी घेतेय, यावरूनच काय ते समजावं. होम्स काउंटीत हाताने टाचणाऱ्या आमिश बायकांची मजुरी पूर्वापार दोऱ्याच्या वारावर ठरते: जितके वार दोरा कापडात गेला तितके पैसे. नक्षी दाट असेल तर दोरा जास्त, मजुरी जास्त. टाके किती वेळात पडले याच्याशी कुणाला देणंघेणं नाही, पण कापडात काय गेलं याचा चोख हिशेब. आम्ही लाँगआर्मवाल्या चौरस इंचाचा दर लावतो. साधी, कडेपासून कडेपर्यंतची नक्षी अडीच सेंटने धरली, तर ९० बाय १०० इंचांच्या क्विल्टचे ९,००० चौरस इंच होतात, म्हणजे २२५ डॉलर. या हिशेबात दोरा नाही, वेळ नाही, मागच्या बाजूवर फिरवलेला हात नाही. नक्षी जितकी विरळ आणि मशीन जितकं पळवलेलं, तितकं आम्हाला फायद्याचं. रेग्युलेटर आल्यावर एका क्विल्टला लागणारा माझा वेळ निम्म्यावर आला. वाचलेला वेळ तपासण्यात घालवता आला असता किंवा दर उतरवता आला असता. मी तो आणखी क्विल्ट घेण्यात घातला.

गेल्या थंडीपासून मी एक केलंय. प्रत्येक वेळी रोलर पुढे घेण्याआधी खाली हात घालते, बॅकिंग फुलाफुलांचं असो की एकरंगी, आणि पापणी लागली की उसवते. त्यामुळे आठवड्याला एक काम कमी होतं. मंडळातल्या काकूंनाही परवा सगळं सांगितलं, चाकं, एन्कोडर आणि काय काय. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, डोळे तरी शाबूत राहतील तुझे." इतक्या दिवसांचं माझं 'कुंजरो' त्यांनी दोन शब्दांत निकालात काढलं.

दर मात्र मी उतरवलेला नाही. कुणी विचारलंच तर मशीनचे हप्ते असतात असं सांगते. हप्ते फिटून बरीच वर्षं झाली.